आजोबांचा मुंडा (गेलेल्या माणसाच्या आठवणीची कोरीव फळी) जुन्या गावात रोवावा की नव्या?

गाभ्यातला: मी कोरकू. मूळ गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात होतं, ते उठून आता अकोटकडे सपाटीवर वसलंय. आजोबा नव्या गावात वारले, मातीही इथेच दिली. सिडोली, म्हणजे मृत्यूनंतरचा आमचा विधी, मात्र राहिलीय. ती होईपर्यंत माणूस पितरांत मिसळत नाही, असं आम्ही मानतो. बोकडाची, धान्याची सोय झाली. सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेले आजोबा कोरून देणाराही भेटला.

अडलंय ते जागेपाशी. आमच्या कुळाचे सगळे मुंडे जुन्या गावाबाहेर एका मोहाखाली आहेत. पणजोबांचा तर झिजून नुसता खुंट उरलाय. त्या मोहाची फांदी कुणी तोडत नसे. खाली गुरं बसली तर आजोबा हाकलू द्यायचे नाहीत, म्हणायचे, "म्हाताऱ्यांना सोबत होते."

गेल्या उन्हाळ्यात तिकडे निघालो तर नाक्यावरूनच परत पाठवलं. आजी म्हणते, त्यांना एकट्याला कपाशीत उभं करू नका. तुमच्या गावांनी काय केलं?

टेंभुर्णी: आमचंही गाव उठलेलं. बाबांचा मुंडा नव्या गावातच रोवला. आधी भूमकाला, म्हणजे आमच्या पुजाऱ्याला, विचारलं, मग जुन्या जागेची ओंजळभर माती आणून खड्ड्यात टाकली आणि शेजारी मोह लावला. माझ्या आईला अजून ते पटलेलं नाही, हेही सांगते.

ग्रामसभा_कार्यकर्ता: नाक्यावर तोंडी विचारू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात परंपरेने चालत आलेले इतर हक्कही धरले आहेत, शिकार सोडून. कलम ५ तर सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपायचा अधिकार ग्रामसभेलाही देतं. ठराव करा. मोहाची जागा, किती माणसं, कोणता दिवस, सगळं लिहा आणि पोच घ्या. कुटुंबामागे १० लाख, २०२१ पासून १५ लाख, हा मोबदला गाव उठवण्याचा, पुनर्वसनाचा आहे. पितरांची जागा त्यात कुणी विकलेली नाही.

गाभ्यातला: ठरावाचं आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माणसं पाच लिही, पण मला त्यात धर. सोमवारी ग्रामसभा आहे. फळी तोवर घरातच, आजोबांच्या खाटेवर ठेवलीय.