२०१७ चा गेमिंग संगणक: सुधारावा की निकालात काढावा?

सांगलीकर: २०१७ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला माझा संगणक (रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड) अजून विनातक्रार चालतो, परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. माझ्या मते आता मलमपट्टी पुरे, सगळेच नवे घ्यावे. कोणाला ही उधळपट्टी वाटत असेल, तर कारणासह सांगावे.

जुने_ते_सोने: मला तरी ती उधळपट्टीच वाटते. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा) आहे आणि २०२२ मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीने बी३५० ज्यात येतो त्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही नव्या रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरांची दारे उघडली. त्यामुळे आपल्या बोर्डासाठी नवे बायॉस (संगणक सुरू करणारे, बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) उपलब्ध असल्यास रायझन ५ ५६०० त्याच जागी बसेल, रॅम तीच राहील आणि बायॉसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा सुविधा) सुरू केल्यावर विंडोज ११ चा अडसरही बहुधा उरणार नाही. मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस बदला. क्रम चुकला, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. याउलट नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतलात, तर डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे तिचे भाव किती भडकले ते दुकानात विचारून पाहा.

हिशेबनीस: प्रोसेसरचे ठीक, पण कार्डाचे काय? जीटीएक्स १०६० मध्ये रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रेखाटण्याचे) हार्डवेअरच नसल्यामुळे ‘डूम: द डार्क एजेस’सारखा खेळ त्यावर चालत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला ते बनवणाऱ्या एनव्हिडियाकडून केवळ सुरक्षेपुरते ड्रायव्हर मिळतात. नवे कार्ड घेतलेच, तर बी३५० चा पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा जुन्या पिढीचा, संथ मार्ग) आड येतो: ज्या स्वस्त कार्डांना त्या मार्गाच्या सोळाऐवजी आठच लेन असतात, त्यांची ८ जीबी मेमरी भरली की वेग ढासळतो. शिवाय एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आठ वर्षांचा. माझ्या मित्राचा असाच एक एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस हे तिन्ही बदलल्यावर जुने उरते ते बोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि हट्ट.

जुने_ते_सोने: हट्ट मान्य! तथापि कार्ड आणि एसएमपीएस उद्याच्या नव्या संगणकातही वापरता येतील, त्यामुळे बुडीत खात्यात जाईल तो फक्त प्रोसेसर. मॉनिटर कोणता आहे, हे मात्र आपण सांगितलेच नाही.

सांगलीकर: साधा १०८०पी, ६० हर्ट्झचा, म्हणजे कार्डावर फार ताण न देणारा, आणि खेळ बहुतेक जुनेच. तेव्हा सगळे नवे घेण्याचा माझा आग्रह मागे घेतो, परंतु एसएमपीएसबाबत हिशेबनीस यांचेच ऐकेन आणि कार्डाचा विचार दिवाळीनंतर करीन.

हिशेबनीस: बायॉस बदलताना मधेच वीज गेली, तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल, तर आधी कोणाचा तरी मागून आणा.