‘झीज’ नेमकी कशाची? ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यासाठी मराठी शब्द

पृच्छा (विश्रामबाग, सांगली) : संगणकदुरुस्तीच्या दुकानातून गिऱ्हाइकांना देण्यासाठी मी एक सूचनापत्रक लिहीत आहे. ‘गेम खेळताना पंखा सतत पूर्ण वेगाने ठेवल्यास कार्डाची झीज होते’ या वाक्यात ‘झीज’ऐवजी ‘घसारा’ हवा, असे हिशेबनीसाचे काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सुचवले आहे. शिवाय ‘फॅन कर्व्ह’साठी (किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा, हे दाखवणाऱ्या रेषेसाठी) मी योजलेला ‘पंखा-वक्र’ वाचून दुसऱ्याने, पाते वाकडे झाले आहे काय, असे विचारले. कोणते शब्द वापरावेत?

उत्तर (मिरज) : ‘घसारा’ वहीतला शब्द आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकाच्या घटत्या किमतीवर 40 टक्के घसारा धरतात आणि यंत्र वर्षभर नुसते टेबलावर पडून राहिले तरी त्याचे बाजारमूल्य उतरतेच. ‘झीज’ मात्र घासल्याशिवाय होत नाही. सहाण झिजते, चपलेची टाच झिजते, सातबाऱ्यासाठी माणूस उंबरे झिजवतो. कार्डात असे घासले जाणारे ठिकाण म्हणजे पंख्याचे बेअरिंग, म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो तो भाग. पंखा वेगाने फिरला म्हणून चिप झिजत नाही, उलट ती थंड राहते. चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ‘वाळते’, जाळीत धूळ ‘बसते’. त्यामुळे आपले मूळ वाक्य शब्दाने नव्हे, कर्त्याने चुकले आहे. ‘वक्र’ गणिताच्या पुस्तकात शोभतो, पण वक्रतुंड ठाऊक असलेल्या वाचकाला त्यातून वाकडेपणाच ऐकू येणार. म्हणून ‘तापमानानुसार पंख्याचा वेग’ असे सरळ लिहावे.

पुरवणी (सातारा) : आमच्याकडे मोटार भरणारे कारागीर टेबलफॅनच्या ज्या भागाला ‘बुश’ म्हणतात, त्याच जातीचे स्लीव्ह बेअरिंग पुष्कळ कार्डांच्या पंख्यांत असते. त्यातले वंगण सुकले की पंखा आधी गुणगुणतो, मग घरघरतो, आणि बोटाने फिरवून सोडला तर दोन फेऱ्यांतच अडतो. यालाच ‘बुश गेला’ म्हणतात. बॉल बेअरिंग सहसा अधिक टिकते, पण आवाज थोडा जास्त करते. हल्लीची अनेक कार्डे साधारण 50 ते 60 अंशांपर्यंत पंखा बंदच ठेवतात. तापमान नेमके त्या काठावर रेंगाळले तर पंखा दर मिनिटाला ‘सुरू-बंद’ खेळत बसतो आणि बुशाला ते बाधते, कारण थांबलेला आस फिरायला लागताना वंगणाचा थर पुरता तयार झालेला नसतो. सुरू होण्याचे आणि थांबण्याचे तापमान यांत काही अंशांचे अंतर ठेवावे. त्या अंतराला मी ‘सवड’ म्हणतो. कोशातला शब्द नव्हे, पण गिऱ्हाइकाला लगेच कळतो.

पृच्छकाचे उत्तर : आभारी आहे. गेल्या आठवड्यात हळदीच्या अडतीवरून आलेल्या कार्डाची जाळी इतकी पिवळी झाली होती की पाती दिसत नव्हती, म्हणून धुळीचा उल्लेख वर घेतला आहे. सुधारलेले वाक्य असे : ‘जाळीत धूळ बसू देऊ नये, पंखा विनाकारण पूर्ण वेगाने ठेवल्यास त्याचे बेअरिंग झिजते, मात्र तो फार मंद ठेवल्यास कार्ड तापते, आणि पंखा बदलता येतो, चिप बदलणे परवडत नाही.’ ‘सवड’ मात्र अवतरणचिन्हांत ठेवली आहे.