सीपॅप लावून तीन आठवडे झाले, बाबांना फरक जाणवत नाही. किती दिवस वाट पाहायची?

सई_प

बाबांचं वय ६६, राहायला साताऱ्याला. त्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. त्यासाठी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लावलंय. झोपेच्या तपासणीत एएचआय ४१ आला, म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास अडकणं किंवा उथळ होणं. ऑक्सिजन सर्वांत खाली ७८ टक्क्यांपर्यंत गेला होता. मशीन रेसमेड एअरसेन्स १०, ऑटो मोडवर (गरजेप्रमाणे दाब स्वतःच कमी-जास्त करतं). दाब ४ ते २०, रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवण्याची वेळ) ४५ मिनिटं, ईपीआर (श्वास सोडताना दाब कमी करणारी सोय) ३, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) ४ वर. फुल फेस मास्क, मीडियम साइझ. साधी नळी, गरम होणारी नाही.

मशीनच्या मेमरी कार्डवरून काढलेली तीन आठवड्यांची सरासरी अशी:
वापर रोज ३ तास ५० मिनिटं
मशीनवरचा एएचआय ९.६ (अडथळ्याचे ६.८, सेंट्रल, म्हणजे मेंदूकडून श्वासाचा इशाराच न आलेले, ०.९, बाकी हायपोप्निया, म्हणजे उथळ श्वास)
दाब निम्मा वेळ ८.६ च्या खाली, ९५ टक्के वेळ ११.४ च्या खाली
गळती, ९५ टक्के वेळची, ३८ लिटर प्रति मिनिट

तक्रारी अशा: झोप लागण्याआधी मास्कमध्ये कोंडल्यासारखं होतं, रात्री दोनच्या सुमारास झोपेतच मास्क काढला जातो, सकाळी तोंड कोरडंठाक, पोट फुगलेलं, ढेकरा. दिवसा पेपर वाचता वाचता डोळा लागतो, तो अजूनही लागतोच. दोन्ही कवळ्या रात्री काढून ठेवतात. मिशा भरघोस आहेत. झोपताना दोन उशा लागतात. सर्दीसाठी रात्री सेटिरिझिन चालू आहे.

"एवढं करून उपयोग काय?" असं ते रोज विचारतात. फरक पडायला साधारण किती दिवस लागतात? की सेटिंगच चुकलंय?

नळी_आणि_मास्क

सईताई, आकडे दिलेत ते फार बरं केलंत, नाहीतर अंदाजपंचे बोलावं लागतं. आधी गळतीचं बघा. ३८ म्हणजे खूप जास्त. रेसमेडच्या मशीनवर मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवा वजा करूनच गळती दाखवतात, आणि २४ च्या वर गेली की मशीनला श्वास नीट वाचता येत नाही. (काही कंपन्यांची मशीनं ती हवा धरून एकूण आकडा दाखवतात, त्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून ताडू नका.) एवढी गळती असेल तर मशीनच्या एएचआयवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

गळतीचं कारण तुम्हीच लिहिलंय: कवळ्या. दुकानात माप घेताना कवळ्या तोंडात असणार. त्या काढल्या की नाक ते हनुवटी हे अंतर कमी होतं, गाल आत जातात, आणि मीडियमचा खालचा काठ हनुवटीवर लोंबकळतो. माप पुन्हा घ्या: कवळ्या काढून, आडवं झोपवून, तोंड किंचित उघडं ठेवून. बहुतेक स्मॉल लागेल.

मास्क बसवायची पद्धतही बदला. बसून, हवा बंद असताना पट्टे आवळले की रात्री हमखास गळतं.

१. बाबा उताणे झोपलेले असू द्या, मास्क चेहऱ्यावर, पट्टे सैल.
२. मशीनच्या मेनूत 'रन मास्क फिट' आहे, ते चालू करा. दाब काही वेळ वर जातो आणि पडद्यावर बैठक चांगली की वाईट ते दिसतं.
३. मास्क चेहऱ्यापासून अर्धा इंच पुढे ओढून सोडा. सिलिकॉनची कड आतून हवेने फुगली पाहिजे, सील त्यानेच होतं.
४. आधी खालचे दोन पट्टे, मग वरचे, दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं.
५. आता कुशीवर वळवा आणि पुन्हा बघा.

जास्त आवळलं की ती कड चपटी होते आणि गळती वाढते. मग माणूस आणखी आवळतो आणि नाकाच्या हाडावर जखम होते. गळतंय म्हणून आवळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

मिशा काढायची गरज नाही. फुल फेस मास्कमध्ये त्या बहुतांशी आतच राहतात. ओठांच्या कोपऱ्यांबाहेर जाणारी टोकं तेवढी कडेखाली सापडतात, ती कातरली तरी पुरे.

झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवून कोरडा करायचा. क्रीम नको. डोक्याला खोबरेल लावायची सवय असेल तर ते सकाळी लावा. रात्रीच्या तेलाने पट्टे ढिले पडतात आणि कुशन घसरतं. कुशन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा. सावलीत वाळवा. स्पिरिट, ब्लीच, डेटॉल नको, सिलिकॉन खराब होतं.

अजून एक, हे खूपदा राहून जातं. मशीनच्या मेनूत मास्कचा प्रकार निवडायचा असतो: पिलोज (नाकपुड्यांत बसणारा), नेझल (फक्त नाकावरचा) किंवा फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा). तिथे चुकीचा प्रकार असेल तर गळतीचा हिशेबच चुकतो.

निद्रा_तंत्र

वरचं सगळं बरोबर. मी दाबाबद्दल लिहितो. सेटिंग बदलायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पण काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

४ ते २० हे कारखान्यातून येतं तसंच सेटिंग आहे. ४ हा मशीनचा सर्वांत कमी दाब. त्यावर बहुतेक मोठ्या माणसांना हवा अपुरी वाटते, फुल फेसमध्ये जास्तच. त्यात रॅम्प ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण तास अपुऱ्या हवेत पडून राहायचं. कोंडल्यासारखं वाटतं ते यामुळेच. शिवाय ईपीआर दाबाला ४ च्या खाली नेऊच शकत नाही. त्यामुळे सुरुवातीला ईपीआर ३ असूनही नसल्यासारखाच.

निम्मा वेळ ८.६ च्या वर दाब लागतोय, तर खालची मर्यादा ७ किंवा ७.५ करता येईल का ते विचारा. रॅम्प ऑटोवर टाकला तर झोप लागल्याचं ओळखून मशीन स्वतःच दाब वर नेतं. वरची मर्यादा १३-१४ करायची का, हेही विचारा. गळती झाली की ऑटो मशीन गोंधळून दाब चढवतं, आणि चढलेला दाब आणखी गळती करतो. पोट फुगण्यामागे बरेचदा हेच असतं, हवा घशातून फुप्फुसात जाण्याऐवजी अन्ननलिकेत जाते. गळती आटोक्यात आली की पोटाचा त्रास पुष्कळ कमी होईल. तोवर डाव्या कुशीवर झोपणं, जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू चार-सहा इंच उचलणं.

उचलायचा तो पलंग. दोन उशा काढा. उंच उशीने हनुवटी छातीकडे येते आणि घसा घडी पडल्यासारखा बंद होतो. हा अडथळा दाब वाढवूनही नीट सुटत नाही. कार्डवरची माहिती ऑस्कर या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. अडथळ्याच्या खुणा रात्रभर विखुरलेल्या न दिसता अर्धा-पाऊण तासाच्या घोसात दिसल्या तर उशी किंवा उताणं झोपणं यांच्यावर संशय घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती दिवस. दिवसांआधी तास मोजा. मशीनवरचा ९.६ हा फक्त मास्क चेहऱ्यावर असतानाचा आकडा. बाबा ७ तास झोपत असतील तर उरलेले ३ तास १० मिनिटं पूर्वीच्याच ४१ ने चालू आहेत. पूर्ण रात्रीची सरासरी काढली तर तासाला २४ च्या आसपास येते. म्हणजे तीव्र आजाराचा मध्यम झाला, एवढंच. त्यातून दोन वाजता मास्क निघतो. स्वप्नांची झोप, रेम, पहाटेकडे वाढत जाते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि बहुतेकांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त अडकतो. नेमकी तीच वेळ उपचाराविना जाते. त्यांना फरक जाणवत नाही यात त्यांची चूक नाही, तसा फरक पडावा इतका उपचार अजून झालेलाच नाही. बाबांना हे असंच सांगा, त्यांच्या त्राग्याला खरं उत्तर मिळेल.

सई_प

खूप आभार. कवळ्यांचा विचार कोणीच केला नव्हता. स्मॉल कुशन आणलं, डॉक्टरांनी दाब ७ ते १४ केला, रॅम्प ऑटो, एक उशी. बारा दिवसांचे आकडे: वापर ५ तास ३० मिनिटं, एएचआय ३.४, गळती १४. पोट जवळजवळ ठीक. रात्री लघवीला तीनदा उठायचे, आता एकदा. पण दिवसाची पेंग आहेच. दुपारी जेवून आरामखुर्चीत तासभर झोपतात. आणि नवीन त्रास: पहाटे नळीत पाणी साठून गुडगुड आवाज येतो. इथे वीजही जाते, तेव्हा श्वासाचं काय?

निद्रा_तंत्र

लघवीचं लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. अडलेला श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाचा कप्पा ताणला जातो आणि ते एक संप्रेरक सोडतं, त्याने लघवी वाढते. श्वास मोकळा झाला की हे थांबतं. सकाळची डोकेदुखीही अशीच लवकर जाते. पेंग मागून जाते. काहींची आठवड्यात, बऱ्याच जणांची काही आठवड्यांत, तर काहींना दोन-तीन महिने लागतात. ते दिवस मोजायचे ते आजपासून. आधीचे तीन आठवडे धरू नका.

तासांबाबत तीव्र आजाराच्या रुग्णांवरचा तीन महिन्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. स्वतःला जाणवणारी पेंग कमी होण्याचा फायदा रोज सुमारे ४ तासांपर्यंत वाढत गेला, यंत्राने मोजलेली पेंग ६ तासांपर्यंत, आणि रोजची कामं नीट जमण्यातला फायदा साडेसात तासांपर्यंत. चार तास हा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो तो विम्याच्या हिशेबाचा आहे. तुमच्या नव्या आकड्यांनी पुन्हा सरासरी काढली तर रात्रभराचा एएचआय साडेअकराच्या आसपास. २४ वरून खूप चांगला, पण ५ च्या खाली अजून नाही.

दुपारची ती आरामखुर्ची. मास्कशिवायची प्रत्येक झोप जुन्या आजारातलीच झोप असते, वामकुक्षीसुद्धा. वामकुक्षी हवीच असेल तर पलंगावर, मास्क लावून, अर्धा तास. त्याने मास्कची सवयही लवकर होते. झोपेत मास्क निघत असेल तर संध्याकाळी टीव्ही बघताना २० मिनिटं, हवा चालू ठेवून, मास्क लावून बसू द्या. रात्री निघालेला दिसला की चिडचिड न करता परत लावायचा.

सेटिरिझिनबद्दल डॉक्टरांना विचारा. काहींना तिची गुंगी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते. नाक चोंदतं म्हणून घेत असतील तर झोपण्याआधी सलाइनने नाक धुणं किंवा डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा यांनी गुंगी येत नाही. चोंदलेलं नाक लगेच उघडणारे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, नाक उलट जास्त चोंदायला लागतं.

सहा तासांहून जास्त वापर, एएचआय ५ च्या खाली, गळती ठीक, आणि असे दोन-तीन महिने जाऊनही पेंग असेल तर मशीनला दोष देऊ नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. पाय सारखे हलवावेसे वाटतात का, मन उदास असतं का, हेही डॉक्टरांना सांगा. पेंग जाईपर्यंत स्कूटर किंवा गाडी त्यांच्या हाती देऊ नका, याला सूट नाही.

नळी_आणि_मास्क

गुडगुड म्हणजे टाकीतली गरम दमट हवा थंड नळीत निवते. साताऱ्याच्या थंडीत हे होणारच. ह्युमिडिफायर ४ वरून ३ किंवा २ करा, नळीला कापडी कव्हर घाला, नळी पांघरुणाखालून घ्या. मशीन डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे जातं. पंखा थेट नळीवर नको. तोंड पुन्हा कोरडं पडायला लागलं तर गरम होणारी नळी घ्यावी लागेल, मग ओलावाही राहतो आणि पाणीही साठत नाही.

टाकीत औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते नको. रोज सकाळी उरलेलं ओतून टाकी उघडी वाळू द्या. पांढरा थर जमला तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी, थोडा वेळ ठेवून धुवा. मशीन हलवताना टाकी आधी काढा, पाणी मोटरमध्ये गेलं तर मशीन जातं.

विजेसाठी घरचा इन्व्हर्टर चालतो, शुद्ध साइन वेव्हचा असावा. मशीनचा अडॅप्टर ९० वॅटचा आहे, पण त्यातला मोठा वाटा पाणी तापवण्याचा. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद ठेवा, खूप जास्त वेळ पुरते.

आणि वीज अचानक गेली तर गुदमरत नाही. फुल फेस मास्कला नळी जोडतो तिथल्या वळणाच्या जोडात एक छोटी पाकळी असते. हवेचा दाब गेला की ती पडते आणि बाहेरची हवा आत येते. धुताना ही पाकळी मळाने चिकटलेली नाही ना, फाटलेली नाही ना, हे दर वेळी बघा. खात्रीसाठी दिवसा, जागेपणी, मास्क लावून मशीन बंद करा आणि बाबांना त्यातूनच दोन-चार श्वास घ्यायला सांगा. मोकळे आले तर ठीक. अडखळले तर तो भाग बदलेपर्यंत मास्क वापरू नका.