चेहऱ्यावरचा सेबोरिक डर्मटायटिस: इट्राकोनॅझोल लवकर द्यावं की अगदी शेवटी?

निशिगंध
सेबोरिक डर्मटायटिस म्हणजे नाकाच्या बाजूच्या खाचा, भुवया, कानामागे, दाढीत लाली आणि वर पिवळट तेलकट पापुद्रे. क्रीम लावलं की बरं, थांबवलं की महिन्याभरात पुन्हा तेच. अशा रुग्णाला वर्षभर ट्यूबा लिहून देण्यापेक्षा पोटातून इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक लवकर सुरू करावं, असं माझं मत आहे. पहिले 7 दिवस रोज 200 मिग्रॅ, पुढे काही महिने दर महिन्याचे पहिले 2 दिवस 200 मिग्रॅ.

इतक्या कमी कॅप्सूल पुरतात, कारण हे औषध मेदात विरघळतं, सीबमबरोबर (त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाबरोबर) त्वचेवर येतं आणि केराटिनला, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या प्रथिनाला, धरून राहतं. रक्तातून गेल्यावरही ते त्वचेत काही आठवडे टिकतं, आणि या आजारामागचं मॅलासेझिया यीस्ट (त्वचेवरची सूक्ष्म बुरशी) जगतं तेच मुळी या सीबमवर. प्लॅसिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना करूनही हा कोर्स उपयोगी ठरलेला आहे.

तांबडमाती
उलटतं म्हणून गोळ्या, हे पटत नाही. गोळ्यांनंतरही उलटणारच. मॅलासेझियाला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ते आपल्या त्वचेवर कायमचं मुक्कामाला असतं. त्याचं प्रमाण कमी ठेवता येतं, नायनाट होत नाही.

आणि 'क्रीमने गुण आला नाही' म्हणजे नेमकं काय केलं होतं? 2 टक्के केटोकोनॅझोल क्रीम दिवसातून दोनदा, सलग 4 आठवडे लावलं का? बहुतेक जण लाली गेली की आठव्या दिवशी ट्यूब ठेवून देतात. डोक्यातल्या कोंड्याकडे कुणी बघितलं का? केटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा टाळूला, आणि त्याचाच फेस भुवया नि दाढीत 5 मिनिटं ठेवून धुवायचा, डोळ्यांत जाऊ न देता. रात्री केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरत असेल तर यीस्टला खाद्य आपणच पुरवतोय. बरं झाल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा औषध चालू ठेवावं लागतं, आणि हे रुग्णाला कुणी सांगतच नाही. लाली हटत नसेल तर पिमेक्रोलिमस 1 टक्का किंवा टॅक्रोलिमस ही स्टेरॉइड नसलेली, दाह कमी करणारी मलमं आहेत. एवढं सगळं झाल्यावर कॅप्सूलचा विषय काढा.

निशिगंध
कागदावर बरोबर आहे. पण प्रत्यक्षात चार आठवडे धीर न धरणारा माणूस मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब आणतो. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ. काही महिन्यांनी कातडी पातळ, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ट्यूब सोडली की आग. 2018 पासून कितीतरी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळतातच. त्यापुढे सात दिवसांचा कोर्स मला कमी धोक्याचा वाटतो.

गोळीपेटी
मेडिकलच्या काउंटरच्या अलीकडून थोडं. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची, तिला जठरातलं आम्ल लागतं. सकाळी पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेणाऱ्याला ती निम्मीही लागू पडेल याचा भरवसा नाही. अँटासिडही तिच्या वेळेला नको. कॅप्सूलमध्ये औषध बारीक साखरेच्या मण्यांवर चढवलेलं असतं, आणि मण्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो. 'औषध चाललं नाही' याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं. 'सुपर बायोअव्हेलेबल' (शरीरात जास्त शोषल्या जाणाऱ्या) प्रकारात 65 मिग्रॅ साधारण साध्या 100 मिग्रॅइतकं धरतात, म्हणून ब्रँड बदलताना आकडा तसाच ठेवू नका.

सिम्वास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधं चालू असतील तर सोबत द्यायचं नाही. हृदय निकामी होण्याचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर विषयच बंद. आधीपासून यकृताचा आजार असेल तर तपासणीशिवाय नको.

तांबडमाती
गोळीपेटी, हेच म्हणणं होतं. आणि 'पोटातलं बुरशीनाशक' म्हणून सगळी एका मापाने मोजू नयेत. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाचा उपयोग टाळू, छाती, पाठ इथे दिसला, चेहऱ्यावर नाही. फ्लुकोनॅझोल पाण्यात विरघळणारं, त्याचा फायदा प्लॅसिबोपेक्षा जेमतेमच. पोटातलं केटोकोनॅझोल तर यकृताच्या धोक्यामुळे 2013 पासून युरोपात आणि अमेरिकेत अशा आजारांसाठी बादच आहे. ते कुणी सुचवलं तर सरळ नकार द्या.

दुसरं, आपल्याकडे नायटा औषधांना दाद देईनासा झालाय आणि त्यावरचं मुख्य हत्यार इट्राकोनॅझोलच आहे. नाकाशेजारच्या पापुद्र्यांसाठी ते सढळ हाताने वापरणं मला मान्य नाही.

निशिगंध
नायट्याचा मुद्दा गंभीर आहे, पण ती बुरशी वेगळी आणि तिथे कोर्स आठवड्यांनी मोजतात. तरी एक मान्य करते: कॅप्सूल देताना क्रीम आणि शाम्पू बंद करायचे नाहीत. माझा आग्रह दोन महिने नीट लावूनही चेहरा न सुधारलेल्यांसाठीच आहे.

तांबडमाती
दोन महिने नीट लावून, आणि मग आजाराचं निदान पुन्हा तपासून. कडा उठलेला गोल चट्टा असेल तर खरवडून केओएच तपासणी (पापुद्र्यात बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तो नायटा असू शकतो. नाकाच्या खाचा सोडून गालांवर लाली असेल तर रोझेशिया (चेहरा लाल करणारा त्वचारोग) किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) बघा. अचानक, खूप पसरलेला आणि कशालाच न जुमानणारा असेल तर एचआयव्ही चाचणी आधी.