एकटी आज्जी आणि पोरकं लेकरू: सांभाळाचे बारकावे (अनुभव धागा)

कोल्हापुरात पेठापेठांत असं एखादं घर असतंच. साठी उलटलेली, माणसांना विटलेली बाई, दाराला कायम आतून कडी. आणि एक दिवस भावाचं, दिराचं नाहीतर शेजारणीचं आईबापाविना पोर तिच्या उंबऱ्यात येऊन उभं राहतं. दोघांनाही एकमेकांची हौस नसते. तरी वर्षभरात त्या पोराच्या हाकेशिवाय तिचा दिवस उगवत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हे आपोआप होत नाही, त्यामागं रोजची कामं असतात. आपल्यात बालगृहात, शाळेत, दवाखान्यात, कोर्टात काम करणारे बरेच आहेत. किस्से नकोत. काय करायचं, काय चुकतं आणि का, तेवढं लिहा. लेकराची ओळख पटेल असं काहीही लिहू नका, कायद्यानंही त्याला मनाई आहे.

बालगृहातल्या काळजीवाहिका

सुरुवातीला मायेची घाई नको. जवळ घेणं, पापे घेणं, 'आता मीच तुझी आई' म्हणणं यानं लेकरू आणखी आक्रसतं. त्याला हवी असते वेळ पाळणारी बाई. सकाळी सातला चहा-दूध म्हणजे सातलाच. 'पाच वाजता येते' म्हटलं की पाचला दारात. म्हणूनच मोजकं बोलणारी, कडक आज्जी बऱ्याचदा लाडावणाऱ्या नातेवाइकांपेक्षा चांगली ठरते. ती खोटं आश्वासन देत नाही.

अन्न लपवणं हा हमखास येणारा प्रकार. उशीखाली चपाती, दप्तरात भाताचा गोळा, कपाटामागं केळं. मुंग्या लागल्या की आज्जीचा पारा चढतो आणि तिथंच सगळं फिसकटतं. ही चोरी नव्हे. पुढचं जेवण मिळेल याची खात्री नसलेलं पोर असंच करतं. उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा त्याच्या नावाचा करा, त्याच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. त्यात भडंग, शेंगदाण्याचे लाडू, खारीक असं टिकणारं काहीतरी. रोज रात्री त्याच्यासमोर डबा भरायचा. किती खाल्लं ते विचारायचं नाही, मोजायचं नाही, शिक्षा म्हणून डबा कधीही काढून घ्यायचा नाही. एकदा जरी काढला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बहुतेक मुलं आधी डबा रिकामा करतात, मग अर्धा ठेवतात, मग विसरतात. विसरल्यावरही डबा भरत राहा.

हाक काय मारायची ते लेकराला ठरवू द्या. आज्जी, मावशी, आत्ती, काहीही चालेल.

दवाखान्यातल्या नर्स

वरच्या डब्याच्या मुद्द्याला भर. जेवणात एकदम कांदा-लसूण चटणी घालू नका. बाहेरगावाहून आलेल्या पोराला आपलं तिखट सोसत नाही, मग ते जेवण टाळतं आणि आज्जीला वाटतं हट्ट करतंय. वरण-भात-तूप, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, पांढरा रस्सा हिरवी मिरची न घालता. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठ्यांची आवड असेल, लेकराला मात्र उकळूनच द्या.

उवा-लिखा असतील तर डोकं भादरू नका. आधीच सगळं गमावलेल्या मुलीचे केस कापणं म्हणजे आणखी एक घाव. परमेथ्रिन १ टक्का लोशन ओलसर केसांना लावून १० मिनिटांनी धुवायचं, मग बारीक फणीनं बट-बट विंचरायचं. लिखांवर औषध पुरेसं चालत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा एकदा. लोक दुसरी वेळ चुकवतात आणि 'औषधात दम नाही' म्हणतात. त्याच दिवशी उशीचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवा, आज्जीचंही डोकं तपासा. या विंचरण्याला अर्धा तास लागतो. पाठ आज्जीकडे असते, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि लेकरू याच वेळी पहिल्यांदा आईबद्दल बोलतं. मध्ये प्रश्न विचारू नका. 'हं' म्हणत फणी चालू ठेवा.

अंथरूण ओलं करणं मोठ्या मुलांतही परततं. गादीवर रबरी शीट, वर दोन पातळ गोधड्या, शेजारी कोरडी चड्डी. झोपायच्या आधी दोन तास पाणी कमी, दिवसा मात्र भरपूर. शौचाला खडा होत असेल तर तेही कारण असू शकतं, आधी ते बघा. भिजलेली गोधडी शेजारणींसमोर वाळत घालताना त्याबद्दल अवाक्षर काढू नका.

आज्जीच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पदराच्या गाठीत किंवा देव्हाऱ्यात नकोत. कुलपात ठेवा.

बालहक्काची कामं बघणारी वकील

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोर घरात ठेवून घ्यायचं आणि कुठंच कळवायचं नाही. आईवडील नसलेलं, सांभाळणारं कुणी नसलेलं मूल बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत, असा बाल न्याय अधिनियम २०१५ चा नियम आहे. काय करावं सुचत नसेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लावा. 'समिती मूल काढून घेईल' ही भीती घरोघरी असते, पण कायद्याचा कल मूल कुटुंबात राहावं असाच आहे, संस्था हा शेवटचा पर्याय. स्टॅम्पवर नोटरी करून 'दत्तक' लिहून घेऊ नका. कायद्याची रीत सोडून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड, किंवा दोन्ही.

वयाचं गणित आधीच समजून घ्या. नात्याबाहेरचं मूल दत्तक घेणाऱ्या एकट्या बाईला वयाची मर्यादा आहे. मूल ८ वर्षांपेक्षा मोठं असलं तरी ती ५५ च्या पुढं नको. नात्यातल्या दत्तकाला ही अट नाही. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फॉस्टर केअरसाठी (दत्तक न घेता परक्या मुलाचा घरात सांभाळ) एकटी व्यक्ती ३५ ते ६० वयाची चालते. नात्यातलं दत्तक जमत नसेल तर साठीपुढच्या आज्जीला बहुधा नातेवाईक म्हणून सांभाळ आणि जिल्हा न्यायालयातून पालकत्व, हाच रस्ता उरतो. शाळा, बँक, ऑपरेशनची सही, वडिलांच्या नावची जमीन, सगळीकडे त्या आदेशाची प्रत लागते.

पैशासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी समितीची. आईवडिलांचे मृत्यू दाखले, लेकराचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर आज्जी-लेकराचा एकत्र फोटो. पैसे अडकतात ते नावातल्या फरकामुळं (दाखल्यावर एक, आधारवर दुसरं) आणि खात्याला आधार न जोडल्यामुळं. बँकेत 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारू नका, 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग झालंय का' असं विचारा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर आधारचं बायोमेट्रिक नव्यानं द्यावं लागतं, तेही राहून जातं.

वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच मिळवून ठेवा. जातीच्या दाखल्याला तोच लागतो, आणि दहा वर्षांनी तो कुणाच्या ट्रंकेत आहे हे सांगणारं माणूस उरत नाही. अनाथ प्रमाणपत्रही काढा. राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे.

मनपा शाळेतली शिक्षिका

ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं दाखला नाही म्हणून पोर घरी बसवू नये. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. जन्माचा पुरावा नसला तरीही तेच.

वर्गशिक्षिकेला आज्जीनं स्वतः भेटून तीन गोष्टी सांगाव्यात: घरी कोण आहे, घ्यायला कोण येणार, आणि 'माझी आई' हा निबंध असेल तेव्हा दुसरा विषय द्या. पोराला वर्गासमोर उभं करून सहानुभूती गोळा करायची नाही, हेही ठणकावून सांगा.

शोकसमुपदेशक

'देवाघरी गेले', 'झोपले' असं सांगू नका. लहान पोर झोपायला घाबरतं, किंवा देवळात आईला शोधतं. 'आई वारली. तिचं शरीर बंद पडलं. ती परत येणार नाही. तुझ्यामुळं झालं नाही.' एवढी चार वाक्यं, शांतपणे. पाच-सहा वर्षांखालचं मूल हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. तेच उत्तर त्याच शब्दांत द्या. पितृपक्षात पान वाढताना त्याच्या हातून एखादा पदार्थ ठेवू द्या. भावंडं दुसरीकडं असतील तर फोनचा वार ठरवा आणि तो पाळा.

आज्जीनं स्वतः रडायला हरकत नाही. फक्त पोराला धीर द्यायच्या कामाला लावू नये.

आणि तिचं आजारपण लपवू नका. सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) तपासणीला जायचं तर सकाळीच सांगा: कुठं, कशाला, किती वाजता परत, तोवर कोण. न सांगता गेलेलं माणूस परत येत नाही हे या पोरानं शिकलेलं असतं.

मी, धागा काढणारी

माझ्या कामातली एकच भर, आज्जीच्या मागं कोण हे लिहून ठेवण्याबद्दल. हा विषय सगळे टाळतात आणि मग चुलत्यांच्या भांडणात पोर संस्थेत जातं. ज्याच्याकडं सोपवायचं त्या माणसाला आधी विचारा, त्यानं महिन्यातून एकदा तरी पोराला घरी न्यावं, एखादी रात्र ठेवून घ्यावं. लेकराच्या नावची ठेव असेल तर त्या ठेवीला नॉमिनी नेमा. त्या माणसाचं नाव, फोन, समितीच्या आदेशाची प्रत, लसीकरणाचं कार्ड, पोराला काय आवडतं, कशाला घाबरतं, झोपताना दिवा लागतो का, हे सगळं एका प्लास्टिकच्या फायलीत ठेवा आणि एक संच त्या माणसाकडं द्या. दुधाळी, शुक्रवार पेठ, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला राहणाऱ्यांनी फाईल माळ्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी घराघरांत शिरलं होतं. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता फाईल आणि पोराचा डबा पिशवीत भरा. डबा विसरू नका.