क्रोकेचा मैत्री सामना एका सकाळीत कसा बसवावा? (मैदान एकच, गावे दोन)

पूर्णाकाठ, दर्यापूर तालुका

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमच्या गावी शाळेच्या मैदानाच्या एका कडेला काही निवृत्त शिक्षक, दोन-तीन शेतकरी कुटुंबे आणि महाविद्यालयात जाणारी मुले मिळून क्रोके, म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने चेंडू मारून तो जमिनीत रोवलेल्या कमानींतून काढायचा खेळ, खेळतात. एका सदस्याचा मुलगा इंग्लंडातून परत येताना चार चेंडूंचा संच घेऊन आला, तेव्हापासून हा खेळ गावात रुजला. मॅलेट, म्हणजे ते हातोडे, मात्र इथल्याच सुताराने बाभळीच्या लाकडाच्या करून दिल्या आहेत. कमानी वेल्डिंगच्या दुकानातून सोळा मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत सळईच्या वाकवून घेतल्या, कारण स्लॅबमध्ये वापरतात त्या पिळाच्या सळईला चेंडू लागला की तो कुठे उडेल याचा नेम राहत नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मूर्तिजापूरकडची सहा मंडळी मैत्री सामन्यासाठी आमच्याकडे यायची आहेत आणि आमच्याही बाजूने सहा जण खेळतील. आमच्यातील काहींचा आग्रह असा आहे की बादफेरी पद्धतीने सामने घेऊन शेवटी एक चषक द्यावा. मला मात्र वाटते की, चाळीस किलोमीटरवरून आलेला माणूस पहिल्याच डावात हरून सकाळी साडेआठ वाजता खुर्चीवर जाऊन बसणार असेल, तर त्याला बोलावण्यात काय अर्थ आहे? शिवाय ते दिवस हळदीकुंकवाचे असल्यामुळे महिला सदस्यांना दुपारी थांबता येणार नाही, म्हणून सर्व खेळ जेवणापूर्वी संपायला हवा.

आमच्याकडे पूर्ण मापाचे, म्हणजे ३५ बाय २८ यार्डांचे, एकच मैदान आहे. पाहुण्यांचाही एक संच आहे, पण त्यातील चेंडू आमच्याच रंगांचे आहेत. सामन्यांची रचना कशी करावी, नवख्यांना सवलत कशी द्यावी, आणि काळ्या मातीत दोन डावांनंतर डुगडुगणाऱ्या कमानींचे काय करावे, या तिन्ही बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, आर्वी

पूर्णाकाठ, आपण खेळाचा प्रकार लिहिलेला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. असोसिएशन क्रोकेमध्ये चांगला खेळाडू दुसऱ्या चेंडूला आपला चेंडू लावून जादा फटके मिळवत एकाच पाळीत अनेक कमानी पार करू शकतो आणि तेवढा वेळ समोरच्याने हाताची घडी घालून बघत राहायचे असते. तो खेळ बुद्धीचा आहे, मला स्वतःला तोच अधिक आवडतो, पण बारा जणांच्या मेळाव्याला तो उपयोगाचा नाही. आपण गोल्फ क्रोके ठेवा. त्यात निळा, लाल, काळा, पिवळा या क्रमाने प्रत्येक चेंडूला एकेकच फटका मिळतो, सगळे एकाच कमानीसाठी झगडतात आणि कोणत्याही एका चेंडूने ती पार केली की चौघेही पुढच्या कमानीकडे वळतात. तेरा गुणांच्या डावात जी बाजू आधी सात कमानी घेईल ती जिंकते.

आता मैदान. चेंडूंचे दोन्ही संच एकाच रंगांचे असतील तर एका मैदानावर एकाच वेळी दोन डाव चालवता येत नाहीत. त्यासाठी दुसरा संच हिरवा, तपकिरी, गुलाबी आणि पांढरा असा लागतो. यावर उपाय म्हणजे मैदानच दुभागणे. क्रोकेच्या मैदानाची सारी आखणी एका मापावर चालते: लांबी त्या मापाच्या पाचपट, रुंदी चौपट, कोपऱ्यांतील चारही कमानी दोन्ही कडांपासून एकेक माप आत, आणि मधल्या दोन कमानी मध्यावरच्या खुंटीपासून एकेक माप वर व खाली. पूर्ण मैदानात हे माप सात यार्डांचे असते. ते पावणेचार मीटर धरले, तर १८.७५ बाय १५ मीटरचे एक छोटे मैदान तयार होते. आपल्या मैदानाची लांब बाजू ३२ मीटर भरेल. म्हणजे अशी दोन मैदाने शेजारीशेजारी बसवून मध्ये दोन मीटरची वाट उरते आणि एका अंगाला जवळपास सात मीटरची पट्टी खुर्च्या व पाण्याच्या पिंपासाठी मोकळी राहते. दुसऱ्या मैदानासाठी सहा कमानी आणि एक खुंटी पाहुण्यांनी सोबत आणावी, एवढा निरोप त्यांना आजच द्या. लहान मैदानावर नवख्यांचे फटकेही कमानीपर्यंत पोचतात, हा त्यातला आणखी एक लाभ.

रचना अशी करा की दोन्ही बाजूंच्या तीन-तीन जोड्या पाडायच्या आणि यजमानांच्या प्रत्येक जोडीने पाहुण्यांच्या प्रत्येक जोडीशी एकेक डाव खेळायचा. एकूण नऊ डाव होतात. दोन मैदानांवर ते पाच फेऱ्यांत आटोपतात आणि प्रत्येक माणसाला, तो कितीही हरला तरी, तीन डाव खेळायला मिळतात. एका डावाला चाळीस मिनिटांची मर्यादा घाला. वेळ संपली की चारही चेंडूंना आणखी दोन-दोन फटके द्या आणि तिथे डाव थांबवा. साडेसातला पहिला फटका बसला, तर मधली पाच-पाच मिनिटे धरूनही सव्वाअकराच्या आत सर्व संपते. ज्या जोड्या मोकळ्या असतील त्यांनी गुण लिहावेत. शेवटच्या फेरीत एकच डाव उरतो, तेव्हा दुसरे मैदान गावातील पोरांना खुले करा. ती सकाळपासून कुंपणाशी उभीच असतील.

अकोटकर

सरांचे गणित बिनचूक आहे, परंतु चषकाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू कोणी तरी मांडायला हवी. आपल्या भागात कबड्डीपासून शंकरपटापर्यंत ज्या स्पर्धेत शेवटची लढत नाही, ती पाहायला माणूस थांबत नाही. गावाने मैदान दिले, ग्रामपंचायतीने पाण्याचा टँकर दिला, तर गावाला शेवटी एक विजेता दिसला पाहिजे, यात गैर काही नाही.

निवृत्त क्रीडाशिक्षक, आर्वी

अकोटकर भाऊ, चषक अवश्य द्या, पण तो गावाला द्या. नऊ डावांत ज्या बाजूने अधिक डाव जिंकले तिचा चषक. नऊ हा विषम आकडा असल्यामुळे बरोबरीची भानगड सहसा होत नाही आणि वेळेअभावी एखादा डाव बरोबरीत सुटलाच, तर पार केलेल्या एकूण कमानी मोजता येतात. पाचव्या फेरीचा एकमेव डाव दोन्हीकडच्या तगड्या जोड्यांसाठी राखून ठेवला, तर पाहणाऱ्यांना शेवटची लढतही मिळेल.

वेचणीवाली, मूर्तिजापूर तालुका

पूर्णाकाठ दादा, येणाऱ्या सहा जणांपैकी मी एक आहे, त्यामुळे आमच्या बाजूचेही थोडे लिहिते.

जोड्या पाडताना दोन तगडे एकत्र आणि दोन नवखे एकत्र असे कृपा करून करू नका. तशाने अर्धे डाव वीस मिनिटांत एकतर्फी संपतात आणि हरणाऱ्याला खेळ कळतही नाही. प्रत्येक जोडीत एक मुरलेला आणि एक शिकाऊ असावा. मुरलेल्याने जोडीदाराला कुठे मारायचे ते सांगावे, पण फटका मात्र त्याचा त्यालाच मारू द्यावा. पुरुषांच्या जोड्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या असा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याचीही गरज नाही. ताकदीने जिंकण्याचा हा खेळ नाही. इंग्लंडातील क्रोकेची खुली अजिंक्यपद स्पर्धा डोरोथी स्टील यांनी १९२५ ते १९३६ या काळात पुरुष खेळाडूंसह सर्वांना मागे टाकून चार वेळा जिंकलेली आहे. आमच्याकडे दिवसभर कापूस वेचून आलेली बाई संध्याकाळी जो अलगद फटका मारते, तो जोर काढणाऱ्या पोरांना अजून साधलेला नाही.

सवलतीविषयी सांगायचे तर दोन पद्धती आहेत. एकीत कमकुवत बाजूला ठरावीक जादा फटके मिळतात. आपला फटका झाल्यावर लगेच तो जादा फटका घेता येतो, मात्र त्या जादा फटक्यावर स्वतःच्या बाजूसाठी कमान पार करून गुण मिळवता येत नाही. तो चेंडू नीट जागी नेण्यासाठी किंवा समोरच्याचा चेंडू दूर फेकण्यासाठी वापरायचा असतो. दुसरीत कमकुवत बाजूला सुरुवातीलाच एक-दोन गुण दिलेले असतात. पहिली पद्धत खेळायला अधिक रंगतदार आहे, पण जादा फटके किती उरले यावरून तंटे होतात. तेव्हा प्रत्येकाच्या हाती तेवढे चिंचोके द्यावेत आणि फटका वापरला की एक चिंचोका कमानीशेजारी टाकावा. आम्ही असेच करतो आणि त्यानंतर हिशोबावरून कोणी आवाज चढवलेला नाही.

परतीच्या सामन्यात, आपण आमच्याकडे याल तेव्हा, दोन्ही गावांतील आठ जणांची फिरत्या जोडीदारांची स्पर्धा घ्यावी अशी माझी इच्छा आहे. आठ खेळाडू, सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन डाव. फेऱ्यांचा तक्ता आधी नीट मांडला, तर प्रत्येक जण उरलेल्या सातही जणांचा एकेकदा जोडीदार होतो आणि प्रत्येकाच्या विरुद्ध दोनदा खेळतो. त्यासाठी सात गुणांचा छोटा डाव ठेवायचा, ज्यात चार कमानी आधी घेणारी बाजू जिंकते. गुण मात्र प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र लिहायचे. त्यात गावाविरुद्ध गाव असा रंग राहत नाही आणि माणसांची खरी ओळख होते.

हरळी, बाळापूर

कमानींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी शेतीखात्यात नोकरीला होतो आणि खारपाणपट्ट्याची माती जवळून पाहिलेली आहे.

आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. संक्रांतीनंतर ती वाळायला लागलेली असते, त्यामुळे सळईभोवती केसाएवढी फट पडते आणि चेंडूचे दोन-चार धक्के बसले की कमान हलू लागते. हलणारी कमान हा किरकोळ दोष नव्हे. घट्ट कमान वाकडा फटका परत फेकते आणि सैल कमान तोच फटका आत घेते, म्हणजे चुकीच्या फटक्याला गुण मिळतो. यासाठी कमानीचे पाय जमिनीखाली निदान वीस-पंचवीस सेंटिमीटर जातील एवढे लांब ठेवावेत. प्रत्येक पायाच्या जागी पहारीने खड्डा घेऊन त्यात बारीक मुरूम आणि माती ओली करून आदल्या सायंकाळी ठोकून बसवावी आणि सकाळी त्यात कमान ठोकावी. ठोकताना कमानीच्या माथ्यावर लाकडाची फळी धरावी, नाही तर सळई मधोमध दबते आणि खालचे अंतर वाढते. दोन फेऱ्यांनंतर एकदा हात लावून पाहावे आणि हलत असेल तर कमान बोटभर सरकवून नव्या जागी ठोकावी.

चेंडू ९२ मिलिमीटर व्यासाचा असतो. मुरलेल्यांच्या स्पर्धेत कमानीचे आतले अंतर त्याहून अगदी थोडेच अधिक ठेवतात, पण मैत्री सामन्याला शंभर मिलिमीटर ठेवा. पट्टीने वरही मोजा आणि जमिनीलगतही मोजा.

गवताबद्दल एवढेच की विलायती गवताच्या बियाण्यावर पैसा घालवू नका. बांधावरची आपली हरळी खारवट पाणी बऱ्यापैकी सोसते आणि जितकी कापावी तितकी दाट पसरते. सामन्याच्या दोन दिवस आधी कापून रोलर फिरवा. बोअरचे पाणी मात्र सारखे देऊ नका, मातीत क्षार साचून ती आणखी कडक होते. टँकरचे गोडे पाणी मिळणार असेल तर ते आदल्या आठवड्यात द्या. आदल्या दिवशी दिले तर चिखल होईल आणि ४५४ ग्रॅमचा चेंडू तिथेच रुतून बसेल.

पूर्णाकाठ, दर्यापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. सरांचा नऊ डावांचा आराखडा आमच्या बैठकीत मान्य झाला असून चषक गावाच्या नावाने द्यायचे ठरले आहे, त्यामुळे अकोटकर यांचाही मान राहिला. ताईंच्या सूचनेप्रमाणे जोड्या मिश्र राहतील आणि चिंचोके आमच्या घरी भरपूर आहेत. जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत आहे. गोवऱ्या नऊ वाजता पेटवाव्या लागतील आणि आमच्यातील एक मुरलेला खेळाडू आणि त्याचा शिकाऊ जोडीदार हेच दोघे रोडगे भाजण्यात तरबेज आहेत, ही एक नवी अडचण उभी राहिली आहे.

शेवटची शंका अशी की पंच कोणाला नेमावे? नियम जाणणारा तटस्थ माणूस आमच्याकडे नाही आणि चेंडू कमानीत अडकला की तो पार झाला की नाही यावर हमखास वाद होतो.

निवृत्त क्रीडाशिक्षक, आर्वी

वेगळा पंच लागत नाही. गोल्फ क्रोकेमध्ये खेळणारेच आपल्या डावाचे पंच असतात आणि स्वतःची चूक स्वतःहून सांगणे हा रिवाज आहे. अडकलेल्या चेंडूसाठी एक सरळ लाकडी पट्टी जवळ ठेवा. चेंडू ज्या बाजूने शिरला त्या बाजूला दोन्ही सळयांना टेकवून ती खाली सरकवा. चेंडूला न लागता ती सरळ उतरली तर कमान पार झाली, लागली तर नाही. पट्टी धरण्याचे काम पाहुण्यांकडे द्या. कमान एकाच फटक्यात पार व्हायला हवी असे मात्र नाही. अर्धवट शिरलेला चेंडू पुढच्या पाळीत, किंवा समोरच्याच्या धक्क्यानेही, पार झाला तरी गुण त्या चेंडूच्या बाजूलाच मिळतो. नवख्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण वाद बहुधा इथेच होतो.

रोडग्यांविषयी म्हणाल, तर त्या दोघांची जोडी पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या फेरीत बसवा. तिसरी आणि चौथी फेरी सुमारे नऊ ते साडेदहा चालेल. तेवढ्यात रोडगे भाजून होतात.

वेचणीवाली, मूर्तिजापूर तालुका

आमच्या सहा कमानी आणि खुंटी आम्ही आणत आहोत. त्यांचे आतले अंतर आजच मोजले, ते ९८ मिलिमीटर भरले. आपल्या कमानी शंभरच्या असतील तर दोन्ही मैदाने सारखी राहणार नाहीत, म्हणून कोणत्या मापावर ठेवायचे ते या आठवड्यात कळवावे, म्हणजे वेल्डिंगवाल्याकडे जाता येईल.