दुखत नाहीये तरी दाढेत फिलिंग करायला सांगितलंय, करू का?

खाडीपलीकडची
लोकहो एक विचारायचंय. मी कोपरखैरण्याला राहते, दात साफ करून घ्यायला गेले होते तर डॉक्टर म्हणाल्या खालच्या उजव्या दाढेत कीड आहे, फिलिंग करून घ्या. मला काही म्हणजे काही दुखत नाहीये, थंड पण लागत नाही, आरशात बघितलं तर काळी रेघ दिसते बस. सासूबाई म्हणतायत दुखेल तेव्हा बघू, उगाच चांगल्या दातावर मशीन कशाला फिरवायचं. मलाही वाटतंय बिल वाढवायचा प्रकार तर नाही ना. आणि केलंच तर पांढरं भरायचं की चांदी?

माजिवडा_नाका
वाट बघू नकोस. आमच्या मेव्हण्याने हेच केलं, लवंगेचं तेल लावून लावून दिवस ढकलले, मग एकदा गाल सुजला आणि रूट कॅनल, कॅप सगळंच गळ्यात पडलं. खर्चाचं तर बोलूच नकोस.

दातवाली_ठाणे
मी डेंटिस्ट आहे. दाढ न बघता करा किंवा नका करू असं मी सांगणार नाही, पण "दुखत नाही" हे कारण धरू नका. वरच्या इनॅमलमध्ये नसा नसतात, त्यामुळे तिथे कीड खात बसली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. आतलं डेंटिन त्यापेक्षा मऊ, तिथे पोचली की आडवी पसरते, म्हणून वरून रेघ आणि उघडलं की आत खड्डा असं बऱ्याचदा होतं. थंड-गोड लागायला लागतं ते साधारण या टप्प्यावर, तेही सगळ्यांना नाही. रात्री झोपू न देणारा ठणका सुरू झाला म्हणजे बहुतेक वेळा नसेपर्यंत गेलेली असते, मग नुसत्या फिलिंगवर भागत नाही.

आणि किडा वगैरे काही नसतो हो, दातातून किडा काढून देतो म्हणणारे अजून भेटतात म्हणून सांगते. तोंडातले बॅक्टेरिया साखरेचं ॲसिड करतात, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लाळ ते परत सावरते पण तिला मधे वेळ मिळायला हवा, ऑफिसात दर तासाला गोड चहा-बिस्किट असेल तर कुठून मिळणार. सुरुवातीचा पांढरट डाग फ्लोराइडने थांबू शकतो, कधीकधी काळी रेघ पण नुसता डागच निघते. खड्डा पडला की मात्र तो आपोआप भरत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा, एक्सरे काढून मला दाखवा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

नेरूळ_वेस्ट
शंका असेल तर नेरूळला डी. वाय. पाटील किंवा तेरणाच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखव. काम विद्यार्थी करतात पण सर-मॅडम येऊन तपासतात, बाहेरपेक्षा स्वस्त पडतं. फक्त घाईत जाऊ नकोस, नंबर यायला वेळ लागतो.

खाडीपलीकडची
थँक्यू सगळ्यांना. एक्सरेचं सुचलंच नव्हतं. आणि ते चांदीचं राहिलं, बाबांची जुनी चांदी अजून ठणठणीत आहे म्हणून विचारलं.

दातवाली_ठाणे
चांदी टिकते खरी. पण त्या चांदीत, म्हणजे अमाल्गममध्ये, जवळपास निम्मा पारा असतो, पाऱ्याबद्दलच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात त्याचा वापर कमी करत न्यायचं ठरलं, आता बहुतेक क्लिनिकमध्ये पांढरं कॉम्पोझिटच करतात. बाबांची चांगली असेल तर राहू द्या, उगाच उकरायची नाही. कॉम्पोझिट दाताला चिकटवतात, थर भरून निळ्या लाइटने कडक करतात, पण त्या वेळी दात कोरडा हवा. लाळ शिरली तर कड नीट चिकटत नाही आणि खालून परत कीड.

माजिवडा_नाका
म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंगच की.

दातवाली_ठाणे
हो तसंच. बधिर केलं असेल तर ते उतरेपर्यंत त्या बाजूने काही चावू नका, लोक गाल चावून घेतात. थोडे दिवस थंड लागलं तर घाबरू नका. पण दात मिटल्यावर तीच दाढ आधी आपटतेय असं वाटलं तर सवय होईल म्हणून बसू नका, परत जा, फिलिंग जरासं उंच राहिलेलं असतं, घासून द्यायला पाच मिनिटं लागतात.